एंडोमेट्रिओसिस : दुखण्याला नाव मिळेपर्यंत आणि नंतर

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. ती अंडाशयावर, आतड्यांवर किंवा मूत्राशयावर चिकटलेली असते. पाळीच्या दिवसांत तिथेही सूज येते, रक्त पाझरते, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. ओटीपोटात कळा येतात, शौचाला बसतानाही दुखते, काहींना गर्भधारणेत अडचण येते.

या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन सहसा व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकितान्स्की यांच्या नावावर, 1860 सालचे, मानले जाते. खरी उकल मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथे जॉन सॅम्पसन यांनी केली. 1921 मध्ये त्यांनी अंडाशयातल्या गाठींवर निबंध लिहिला. गाठ फुटली की आतून दाट, काळपट तपकिरी रक्त बाहेर येई. ‘चॉकलेट सिस्ट’ हे तिचे नाव आजही आपल्याकडच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दिसते. पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, असा सिद्धान्त त्यांनी 1927 मध्ये मांडला. असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होतो, आजार मात्र थोड्यांनाच जडतो. त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

पुढच्या काळात एका समजुतीने फार नुकसान केले. बॉस्टनचे जो मेग्ज यांनी लांबलेले लग्न आणि उशिरा होणारी मुले यांच्याशी आजाराचे नाते जोडले आणि लवकर मूल व्हावे, असा सल्ला दिला. त्यातून हा सुखवस्तू, गोऱ्या, नोकरदार बायकांचा आजार ठरला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या त्याच वेदनांना ओटीपोटातला जंतुसंसर्ग म्हटले जाई. शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी 1976 मध्ये ही चूक दाखवून दिली. ‘लग्न झालं की थांबेल’ हे वाक्य मराठी घरांतल्या मुलींनीही ऐकलेले आहे.

दरम्यान दुर्बिणीने पोटात पाहता येऊ लागले आणि डॅनाझोल हे औषध आले. त्याने दुखणे कमी होई, पण वजन वाढे, चेहऱ्यावर केस येत, आवाज घोगरा होई. हे कुणाशी बोलावे, असा प्रश्न होताच.

1980 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मेरी लू बॉलवेग आणि कॅरोलिन कीथ यांनी ‘एंडोमेट्रिओसिस असोसिएशन’ सुरू केली. बॉलवेग स्वतः या आजाराने अंथरुणाला खिळल्या होत्या. दुसऱ्या बाईचे दुखणे ऐकल्यावर आपले दुखणे मनाचे नाही, हे पटणे हा बैठकांचा पहिला उपयोग. संस्थेने त्यापुढे जाऊन सभासदांच्या हकिगतींची पद्धतशीर नोंद केली, हे तिचे मोठेपण. वेदना कोणत्या वयात सुरू झाल्या, निदानाला किती वर्षे गेली, हे कागदावर आले. लवकरच ब्रिटनमध्येही अशी संस्था उभी राहिली.

आज जगात प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निदानाला अजूनही कित्येक वर्षे लागतात. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट न पाहता, लक्षणे ऐकून उपचार सुरू करण्याची मुभा दिली आहे.