दप्तराचें स्थलांतर

राज्य बदललें म्हणजे ध्वज बदलतो, नाणें बदलतें, अंमलदार बदलतात. हें सर्वांच्या डोळ्यांदेखत घडतें. परंतु त्याच वेळीं आणखी एक गोष्ट हलत असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ती गोष्ट म्हणजे दप्तर. जुन्या कचेरीच्या कपाटांतून गठ्ठे निघतात व नव्या कचेरींत जाऊन पडतात. या प्रवासांत एकहि कागद फाटला नाहीं, एकासहि वाळवी लागली नाहीं, तरी दप्तराची मोठी हानि होऊं शकते. ती कशी, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

नागपूरकरांना हा विषय परका नाहीं. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ सालीं त्यांचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १९०३ सालीं वऱ्हाडाचा कारभारहि त्यास जोडला गेला. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यांत आले, मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळास गेली आणि नागपूरचें पंचाण्णव वर्षांचें राजधानीपण संपलें. साहजिकच येथील सचिवालयाच्या दप्तराचीहि दोन राज्यांत वांटणी झाली.

वांटणीचें तत्त्व वरवर पाहतां सोपें वाटतें. वर्ध्याच्या मालगुजाराचा अर्ज असेल तर तो इकडे, सागरच्या शाळेचें प्रकरण असेल तर तें तिकडे. परंतु सचिवालयाचें काम जिल्ह्यांनीं नव्हे, तर खात्यांनीं विभागलेलें असतें. जंगलाचा एखादा नियम साऱ्या प्रांतास लागू होतो आणि त्यावरील टिपणें, अभिप्राय व हुकूम एकाच फायलींत असतात. ती फाईल कोणाची म्हणावी? शिवाय प्रत्येक फाईल मागील फायलीचा क्रमांक सांगत असते. ती मागील फाईल दुसऱ्या राज्यांत गेली असेल, तर तो क्रमांक म्हणजे ओ न मिळणारी हांक होय. आणि आवक-जावक बारनिशी तर एकच असते! ती ज्याच्याकडे जाईल त्याचें दप्तर बोलकें राहील. दुसऱ्याचें मुकें होईल. म्हणून अशा वांटणींत कागदांच्याहि आधीं याद्यांच्या नकला झाल्या पाहिजेत.

क्रमाचें एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मराठ्यांच्या जुन्या पत्रांत मिळतें. त्या काळच्या पुष्कळ पत्रांवर चंद्राची तारीख व महिना एवढेंच असतें, वर्ष नसतें. लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच असे, आणि कारकून पत्र त्या त्या सालच्या रुमालांत बांधून ठेवी. म्हणजे पत्राचें वर्ष पत्रावर नव्हतें. तें रुमालावर होतें. असें पत्र रुमालांतून सुटलें कीं अक्षर न अक्षर शाबूत राहूनहि त्याचा काळ हरवतो. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या अवघ्या कांहीं वर्षांत प्रसिद्ध केले. त्यांना व इतर संशोधकांना पत्रांचा काळ ठरविण्यासाठीं किती श्रम करावे लागले, हें ते खंड चाळणारास सहज कळेल.

कागद ज्या कचेरींत जमला तेथेंच तो शोधावा लागतो, याचेंहि एक उदाहरण नागपूरचेंच आहे. १७८१ ते १८२० या काळांतील नागपूरच्या घडामोडींचा एक खंड यादव माधव काळे यांनीं १९३८ सालीं संपादिला. तो पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या मालेंत निघाला! विषय नागपूरचा, पण माला पुण्याची. "नागपूरचे कागद" म्हणून कोणीं हे मूळ दप्तरांतून वेचून वेगळे काढले असते, तर ते कोणीं, कोणास व कोणत्या प्रसंगीं लिहिले याचा दुवा तुटला असता. युरोपांतील दप्तरदारांनाहि हाच अनुभव आला. एका कचेरीचे कागद दुसरीच्या कागदांत मिसळूं नयेत, असा दंडक फ्रान्सनें १८४१ सालीं घातला. आणि मूळची मांडणीहि मोडूं नये, हें तत्त्व म्यूलर, फाइट व फ्रूइन या तिघां डच पंडितांनीं १८९८ च्या आपल्या ग्रंथांत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें.

आतां कपाटाची जागा संगणकानें घेतली आहे. परंतु प्रश्न तोच आहे. एखाद्या संस्थेचे नियम, सूचना व माहितीपत्रकें जुन्या संगणक-व्यवस्थेंत वर्षानुवर्षें सांठलेलीं असतात. नवी व्यवस्था आली कीं हजारों फायली एका आज्ञेसरशीं बाहेर काढतां येतात. मजकूर येतो, पण कोणता लेख कोणत्या प्रकरणांत होता, तो कोणीं व केव्हां सुधारला, कोणत्या जुन्या सूचनेची जागा त्यानें घेतली, ही माहिती पुष्कळदां मागेंच राहते. एका लेखांतून दुसऱ्याकडे जाणारे दुवे जुन्या क्रमांकांचे असतात. नव्या घरीं क्रमांक बदलतात आणि दुवे निराधार होतात.

उपाय मात्र गठ्ठ्यांच्या काळचाच आहे. हलविण्यापूर्वीं यादी करावी व मोजदाद करावी. जुन्या क्रमांकासमोर नवा क्रमांक लिहून ठेवावा. पोंचल्यावर पुन्हां मोजावें, कांहीं कागद उघडून ताडून पाहावे, आणि ही खात्री पटेपर्यंत जुनें कपाट रिकामें करूं नये.

नागपुरांत राहिलेले जुने सरकारी कागद आज महाराष्ट्र शासनाच्या येथील पुराभिलेखागारांत आहेत. परंतु जुन्या मध्यप्रांताचा समग्र इतिहास लिहूं पाहणारास भोपाळची वाटहि धरावीच लागते. दोन ठिकाणच्या कागदांस एकमेकांची ओळख पटवून देणारी वस्तु एकच, ती म्हणजे यादी. कागद हलविणें हें हमालाचें काम आहे. त्यांचा परस्परसंबंध सांभाळून नेणें हें दप्तरदाराचें. पहिलें काम झालें म्हणजे दुसरेंहि झालें, असें समजणाऱ्या पिढीच्या हातीं पुढें कागद राहतात, पण इतिहास राहत नाहीं.