धाराशिवच्या मध्यरात्री टेक्ससमध्ये भर दुपार

धाराशिवहून पुण्याला रेल्वेनं जाताना कुर्डुवाडी मागं पडली की थोड्या वेळानं जेऊर येतं. लहानपणापासून या रस्त्यानं कितीतरी वेळा गेलो, पण हे स्टेशन खगोलशास्त्राच्या इतिहासात आहे हे मला फार उशिरा कळलं.

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गच्या बाजूनं किनाऱ्यावर चढला आणि जेऊरवरून वऱ्हाडाकडे गेला. विजयदुर्गला लॉकियर होते. जेऊरच्या माळावर अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते आणि पुण्याहून प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. प्लेगचे दिवस होते, रँडच्या खुनाला सात महिने झाले होते. अशा काळात ही माणसं पेट्या, भिंगं, फोटोच्या काचा घेऊन सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी इथं मुक्कामाला होती.

नायगमवालांची पुण्यातली वेधशाळा म्हणजे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांतून ती कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात उभी राहिली आणि 1888 मध्ये सुरू झाली. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण पुढं अनेक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. पण वेधशाळा एका माणसाच्या जिवावर चालत होती. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि ती बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज तिला भावनगर दुर्बीण म्हणतात. पुण्याचं नाव त्यातून गळालं.

एक वेधशाळा बंद झाल्यानं काय बिघडतं? याचं उत्तर मला श्वेतबटूंच्या गोष्टीत सापडलं.

सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर आकसतो आणि पृथ्वीएवढ्या आकाराचा, अतिशय घन गोळा उरतो. तो श्वेतबटू. यातले काही स्पंद पावतात, म्हणजे त्यांचा प्रकाश काही मिनिटांच्या आवर्तनानं कमी-जास्त होतो. असा पहिला तारा आर्लो लँडोल्ट यांनी 1968 मध्ये जाहीर केला. भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीचं पोट कळतं, तसं या स्पंदांवरून ताऱ्याचं पोट कळतं. 1993 चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको.

अडचण अशी की एकाच ताऱ्यात अनेक स्पंद एकमेकांत मिसळलेले असतात. ते सुटे करायला सलग दिवसचे दिवस मोजणी लागते, आणि कुठल्याही गावात सकाळ होतेच. रोज मध्येच पडणाऱ्या खंडामुळे आकडेमोडीत खोटी आवर्तनं उगवतात. भजन चालू असताना दर थोड्या वेळानं कुणी दार लावून घेतलं, तर बाहेरच्याला ताल कसा कळणार?

टेक्सस विद्यापीठातल्या एड नॅदर आणि डॉन विंगेट यांनी यावर उपाय काढला. जगभरच्या दुर्बिणींची साखळी करायची, एकीकडे उजाडलं की पुढच्यानं तोच तारा धरायचा. ‘होल अर्थ टेलिस्कोप’ असं नाव असलेली ही साखळी 1988 मध्ये सुरू झाली. वेगवेगळ्या मोहिमांत कवलूर आणि नैनिताल इथल्या दुर्बिणीही त्यात होत्या. 1989 मध्ये ‘पीजी 1159’ या श्वेतबटू होऊ घातलेल्या ताऱ्याची 264 तासांची नोंद झाली, त्यातून 101 स्पंद ओळखता आले आणि ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या 0.59 पट निघालं.

नकाशा पाहताना एक गंमत दिसली. त्या टेक्सस विद्यापीठाची मॅकडोनाल्ड वेधशाळा 104 अंश पश्चिम रेखांशावर आहे. धाराशिव 76 अंश पूर्वेला. बेरीज 180. तिथं भर दुपार, तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र. म्हणजे त्यांचा तारा जेव्हा हातातून निसटतो, तो धरायची जागा आमच्या आकाशात आहे.

लघुग्रहांनाही हाच न्याय लागू आहे. एका रात्रीच्या नोंदीवर कक्षा पक्की होत नाही, दुसऱ्या जागेवरून तो पुन्हा पाहावा लागतो, नाहीतर हरवतो. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. मद्रासहून पॉगसन यांनी 1861 मध्ये ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला, कवलूरहून राजमोहन यांनी 1988 मध्ये ‘रामानुजन’. 16 ऑगस्ट 2020 रोजी मोटारीएवढा ‘2020 क्यूजी’ हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे 2,950 किलोमीटरवरून निघून गेला. तो मुंबईच्या आयआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांनी ओळखला, पण कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीनं घेतलेल्या चित्रांत, आणि तोही पुढं निघून गेल्यावर.

नजर आपली, दुर्बीण दुसऱ्याची. ही तक्रार नाही, साखळीचा नियमच तसा आहे. पण साखळीत कडी असावी लागते, आणि ती माणूस निवृत्त झाला तरी टिकावी लागते. जेऊर स्टेशनवरून गाडी हलते तेव्हा मी हल्ली खिडकीतून आधी आकाशाकडे पाहतो.