तालमीला एसी का लागला नाही?

ग्रीन बिल्डिंग म्हटलं की काचेची इमारत, छपरावर सोलर पॅनल आणि लॉबीत टांगलेलं सर्टिफिकेट आठवतं ना? मी अशाच एका इमारतीत कोड लिहितो, आणि मे महिन्यात स्वेटर घालून बसतो. आज बोलूया कोल्हापूरच्या तालमींबद्दल.

शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि तालमी बहरल्या. जुनी तालीम आठवा: जाड भिंती, लहान खिडक्या, ठेंगणं दार. आत शिरताना मान झुकावी म्हणून दार ठेंगणं, असं सांगतात. असेलही. पण माझ्यातल्या इंजिनिअरला दुसरं कारण जास्त पटतं: माती. हौद्यातली लाल माती ओलसर आणि भुसभुशीत राहायला हवी. ऊन-वारा लागला की ती कडक होते आणि अंग सोलवटतं. म्हणजे इमारत आधी मातीसाठी, मग पैलवानासाठी! त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, काव मिसळायची. हौदा खणायचा पैलवानांनीच, आणि तोच व्यायाम. मेंटेनन्सचं बिल शून्य.

१९१२ चं खासबाग मैदानही तसंच. महाराजांनी रोमचं कोलोसियम पाहिलं आणि त्यावरून ते सुचलं, असं म्हणतात. पण रोमनांनी कमानींवर मजले चढवले; इथे आखाडा मधोमध खोलगट ठेवून भोवती मातीचा उतार केला. कुठेही बसा, मध्ये खांब येत नाही.

मग आली मॅट. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले. १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर खेळून सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं. तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट आहे: ऑलिंपिकला जायचं तर मॅट हवी. आणि मॅटचा स्वभाव मातीच्या अगदी उलटा. माती घाम पिते, मॅटवर तो साचतो, पुसावा लागतो. तिला कोरडी हवा आणि उजेड लागतो. त्यामुळे जुनी तालीम पाडली की नुसतं ‘वारसा गेला’ म्हणून ओरडण्यात मला अर्थ वाटत नाही. राग येतो तो तिच्या जागी पत्र्याचा हॉल ठोकतात तेव्हा. भिंती जाडच ठेवून वर झरोके काढले, तर मॅटही कोरडी राहील आणि पोरंही भाजणार नाहीत.

काही तालमींत आता दोन्ही आहे: एकीकडे हौदा, दुसरीकडे मॅट. पोरं दोन्हीकडे घाम गाळतात.