सिंहासन नसलेली राजनगरी

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, क्रोएशिया देशाच्या अगदी दक्षिणेस, दुब्रोव्निक नावाचे तटबंदीचे नगर आहे. जुन्या युरोपात ते रगूझा ह्या नावाने ओळखले जाई. मोठ्या व्यापारी गलबतास इंग्रजीत 'आर्गसी' असा जो शब्द आहे, तो रगूझा ह्या नावावरूनच आलेला. ह्यावरून ह्या नगराच्या एकेकाळच्या दर्यावर्दी वैभवाची कल्पना यावी. परंतु आज येथे येणाऱ्या पुष्कळ प्रवाशांच्या मनात रगूझाही नसते आणि दुब्रोव्निकही नसते. ते 'किंग्ज लँडिंग' पाहावयास आलेले असतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन ह्या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांवर आधारलेली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अद्भुतरम्य मालिका २०११ ते २०१९ ह्या काळात दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. किंग्ज लँडिंग ही तिच्यातील कल्पित राजधानी. पहिल्या पर्वात ह्या राजधानीची बरीचशी दृश्ये माल्टा बेटावर घेतली गेली. दुसऱ्या पर्वापासून दुब्रोव्निकच्या तटांनी आणि गल्ल्यांनी ते काम अंगावर घेतले.

तेव्हापासून मार्गदर्शकासह हिंडण्याच्या फेऱ्या हा तेथील एक व्यवसायच झाला आहे. पिले नावाच्या वेशीपाशी मंडळी जमतात. मार्गदर्शकाच्या हाती मालिकेतील दृश्यांची चित्रे असतात. एकेका जागी थांबून तो चित्र समोर धरतो आणि चित्रातली भिंत व डोळ्यांपुढची भिंत प्रवासी ताडून पाहतात. ह्या फेरीची थट्टा करणे सोपे आहे. आम्हांस ती करावयाची नाही. आम्हांस एवढेच विचारावयाचे आहे की, सिंहासनासाठी चाललेल्या रक्तपाताची कथा ज्या दगडांच्या साक्षीने चित्रित झाली, त्या दगडांची स्वतःची कथा कोणती?

पहिला थांबा लोव्रियेनाट्स ह्या किल्ल्याचा घेऊ. समुद्रात घुसलेल्या ३७ मीटर उंच खडकावर तो उभा आहे. मालिकेत हा राजवाडा होय. ज्याच्या हाती हा वाडा, त्याच्या हाती राज्य. प्रत्यक्षात ह्या किल्ल्याची बांधणी नेमक्या ह्याच भयापोटी झालेली आहे. शत्रूच्या माऱ्यात येणाऱ्या बाजूस त्याची भिंत सुमारे १२ मीटर जाड आहे. नगराकडची भिंत मात्र अवघी ६० सेंटिमीटर. किल्ल्याचा अधिकारी उद्या फिरला आणि नगराचा धनी होऊ पाहू लागला, तर नगराच्या तोफांनी ती भिंत सहज पडावी, हा त्यामागील हिशेब. प्रवेशद्वारावर लॅटिन लेख आहे. जगातील सगळे सोने मिळाले तरी त्यासाठी स्वातंत्र्य विकू नये, असा त्याचा आशय.

तेथून नगरात शिरून रेक्टरच्या वाड्यापाशी यावे. मालिकेत ह्या वाड्याच्या चौकात एक निर्वासित राणी मसाल्यांच्या धनाढ्य व्यापाऱ्याजवळ जहाजे मागते. जागेची निवड सहेतुक नसेल. पण ती अर्थपूर्ण खरीच. १३५८ मध्ये व्हेनिसचे वर्चस्व झुगारल्यापासून १८०८ पर्यंत, सुमारे साडेचारशे वर्षे, हे छोटे गणराज्य जहाजांच्या आणि मुत्सद्देगिरीच्या बळावर जगले. राज्याचा प्रमुख जो रेक्टर, त्याची मुदत होती एक महिना. त्या महिन्यात राज्यकारभाराच्या कामावाचून वाडा सोडून जाण्याची त्याला मुभा नसे, आणि एकदा पद भूषविल्यावर दोन वर्षे ते त्यास पुन्हा मिळत नसे. सभागृहाच्या दारावर, खाजगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक गोष्टींची चिंता वाहा, अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे.

ह्याच गणराज्याने १३७७ मध्ये, प्लेगच्या भयाने, बाहेरून येणाऱ्यांस काही काळ वेगळे ठेवण्याचा कायदा केला. अशा विलगीकरणाचा तो जगातील आद्य कायद्यांपैकी एक मानला जातो. १४१६ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापारास बंदी केली. त्याच्या जहाजांचा संचार दूरवर होता. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे संत ब्राझ यांचे चर्च आहे. हा संत म्हणजेच दुब्रोव्निकचा रक्षक संत व्लाहो. सोळाव्या शतकात तिकडून आलेल्या खलाशांशी काही अभ्यासक ह्या चर्चचा संबंध जोडतात.

तरीही हे राज्य म्हणजे रामराज्य होते, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. सत्ता मूठभर उमराव घराण्यांकडे होती. सामान्य जनास सभेत स्थान नव्हते. उस्मानी सुलतानास दरसाल १२,५०० डुकाट खंडणी पोचती करून स्वातंत्र्य टिकविले जाई. ते सोन्यासाठी विकावयाचे नव्हते, हे खरे. पण सोने मोजून राखावे मात्र लागत होते.

फेरीतील सर्वांत गर्दीचा थांबा म्हणजे जेझुइट पंथीयांच्या चर्चकडे जाणारा भव्य जिना. मालिकेत एका राणीला प्रायश्चित्त म्हणून ह्याच जिन्यावरून लोकांच्या शिव्याशाप झेलीत चालविले जाते. कथेतील वातावरण मध्ययुगीन. जिना मात्र अठराव्या शतकातला. ६ एप्रिल १६६७ रोजी झालेल्या भूकंपाने नगराचा मोठा भाग जमीनदोस्त केला. हजारो माणसे गेली. रेक्टरही त्यात गेला. त्यानंतर नगर नव्याने बांधले गेले, आणि हा जिना त्या पुनर्बांधणीचे फळ होय. पुढे १८०६ मध्ये फ्रेंच सेना नगरात शिरली आणि १८०८ मध्ये नेपोलियनच्या सेनापतीने गणराज्य विसर्जित केले. राजा नसलेल्या नगरास शेवटी सम्राटाने गिळले.

शेवटी तटावर चढावे. सुमारे १९४० मीटर लांबीचा हा तट मालिकेत अनेकदा वेढला गेला, जळाला. ती आग यंत्राने निर्मिलेली होती. खरी आग त्याच्या पुष्कळ आधी येऊन गेली. क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर १ ऑक्टोबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह लोकसेनेने दुब्रोव्निकवर हल्ला चढविला. नगर वेढले गेले. कित्येक आठवडे पाणी नव्हते, वीज नव्हती. ६ डिसेंबर १९९१ रोजी जुन्या नगरावर सर्वांत भयंकर तोफमारा झाला. तटाआतील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना गोळे लागले. १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेले हे नगर त्या वर्षी संकटग्रस्त वारशांच्या यादीत गेले आणि १९९८ मध्येच तेथून बाहेर आले. ह्या हल्ल्याबद्दल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने सेनाधिकाऱ्यांस शिक्षा दिल्या. तटावरून खाली पाहिले की काही कौले जुनी, उन्हापावसाने फिकटलेली दिसतात, आणि बरीच तांबडीलाल. ही लाल कौले त्या युद्धानंतर घातलेली आहेत.

जगातील माणसांना हे नगर मालिकेने दाखविले, त्यातून घरे चालली, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९९१ मध्ये तटाच्या आत सुमारे ५००० माणसे राहात होती. पंचवीस वर्षांनी त्यांचा जेमतेम चौथा हिस्सा उरला. घरांच्या खानावळी आणि प्रवाशांच्या खोल्या झाल्या. रोजच्या वाणसामानाची दुकाने कमी झाली. गर्दी एवढी वाढली की, एका वेळी दोनच मोठी प्रवासी जहाजे येऊ देण्याचा नियम नगरास करावा लागला. वेढा जे करू शकला नाही, ते लोकप्रियता करील की काय, अशी भीती तेथील लोकांना वाटते. ती निराधार नाही.

किनाऱ्यासमोरच्या लोक्रुम बेटावरील जुन्या मठात मालिकेतील लोखंडी सिंहासनाची प्रतिकृती ठेवलेली आहे. तीवर बसून छायाचित्र काढून घेण्यासाठी रांग लागते. बसणाऱ्याने जरूर बसावे. पण फेरी नेणाऱ्यांपैकी काहींनी १९९१चा वेढा लहानपणी सोसलेला आहे. मालिकेतील चित्र खाली ठेवून ते स्वतःच्या घराविषयी बोलू लागतात, तेव्हा प्रवाशाने घाई करू नये. बृहन्महाराष्ट्रातील आम्ही मंडळी ज्या गावांत राहतो, तेथेही परक्या इतिहासाचे तट आणि वाडे आमच्या वाटेवर असतातच. त्यांच्यासमोर थांबून आपण कोणता प्रश्न विचारतो, एवढाच विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.