सामूहिक स्थळरेखाटन (मुंबई)

सामूहिक स्थळरेखाटन म्हणजे अनेक व्यक्तींनी ठरलेल्या दिवशी एका ठिकाणी जमून, समोरचे दृश्य त्याच जागी बसून किंवा उभे राहून कागदावर उतरविण्याचा उपक्रम होय. शहरातील इमारती, रस्ते, बाजार, स्थानके आणि माणसे हे त्याचे मुख्य विषय असतात. कलाविद्यार्थ्यांच्या बोलीत यास 'स्केचिंगला जाणे' किंवा 'आउटडोअरला जाणे' असे म्हणतात. मुंबईत या उपक्रमास कलाशिक्षणाची जुनी परंपरा लाभली आहे. एकविसाव्या शतकात 'अर्बन स्केचर्स' या आंतरराष्ट्रीय चळवळीमुळे तो कलामहाविद्यालयांबाहेरील हौशी मंडळींपर्यंतही पोहोचला. दादर, परळ, लालबाग आणि गिरगाव या भागांतील जुनी वस्ती झपाट्याने बदलत असल्याने तेथील रेखाटनांना कलामूल्याबरोबरच नोंदीचे मूल्यही प्राप्त झाले आहे.

संज्ञा व स्वरूप

रेखाटन हे पूर्ण चित्रापेक्षा वेगळे असते. त्यात मोजक्या वेळात मोजक्या रेषांनी दृश्याचा सांगाडा, प्रमाण आणि हालचाल पकडावी लागते. महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्यांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे 'स्मरणचित्र' हा प्रकार परिचित असतो. स्थळरेखाटन हे त्याच्या नेमके उलट होय. स्मरणचित्रात मनात साठविलेली प्रतिमा कागदावर येते. स्थळरेखाटनात नजर दृश्य आणि कागद यांच्यामध्ये सतत ये-जा करते. त्यामुळे चाळीच्या कठड्याचे गज, खिडकीवरची कमान, दुकानाच्या पाटीचा कल अशा सहसा लक्षात न राहणाऱ्या गोष्टी चित्रात येतात.

छायाचित्रावरून घरी बसून केलेले चित्र या प्रकारात मोडत नाही. काम जागेवर झाले पाहिजे ही त्याची मूळ अट आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई बेटाची जागेवर केलेली चित्रे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहेत. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९१–९२ मध्ये मुंबई बेट व परिसराची बारा दृश्ये चितारली. त्यांचा संग्रह १८०० मध्ये प्रसिद्ध झाला. याच काळात पुण्यात ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने शिकलेला गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार वेरूळ येथील लेण्यांची रेखाटने करीत होता. पेशव्यांच्या संग्रहातील गेंड्याचे त्याने १७९० मध्ये केलेले चित्रही प्रसिद्ध आहे. पाश्चात्त्य पद्धतीने प्रत्यक्ष पाहून चित्रण करणाऱ्या आरंभीच्या मराठी चित्रकारांत त्याची गणना होते.

१८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तेथील प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे काम हाती घेतले. ते १८८५ पर्यंत चालले. विद्यार्थ्यांनी गटाने एका स्थळी राहून केलेल्या कामाचे हे पश्चिम भारतातील एक मोठे आरंभीचे उदाहरण होय. लंडनला पाठविलेल्या या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. मूळ भित्तिचित्रेही पुढे झिजत गेल्याने वाचलेल्या प्रतिकृतींचे महत्त्व वाढले.

मुंबईतील परंपरा

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांचे विपुल चित्रण केले. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयक पुस्तकासाठी (१९१२) त्यांनी चित्रे काढली. जे. जे. मधील १८९० ते १९३१ या काळाच्या आठवणी त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या ग्रंथात लिहिल्या आहेत. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. जे. जे. चे अधिष्ठाता प्रल्हाद अनंत धोंड हे जलरंगातील सागरचित्रांसाठी ख्यात होते. मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्या रेखाचित्रांतून मुंबई व गोवा येथील गर्दी, इमारती व उपाहारगृहे घराघरांत पोहोचली.

भायखळ्याची राणीची बाग (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान), रेल्वे स्थानके आणि बाजारपेठा ही कलाविद्यार्थ्यांची जलद रेखाटनाची नेहमीची ठिकाणे आहेत. प्राणी आणि प्रवासी दोघेही स्थिर बसत नाहीत. त्यामुळे थोडक्या क्षणांत देहाचा कल आणि तोल टिपण्याचा सराव तेथे होतो. पुण्याचे चित्रकार मिलिंद मुळीक यांच्या जलरंगावरील पुस्तकांमुळे प्रत्यक्ष स्थळी चित्रण करण्याची आवड मराठी हौशी वर्गातही वाढली.

अर्बन स्केचर्स चळवळ

बार्सिलोनात जन्मलेले आणि अमेरिकेतील सिॲटल येथे वृत्तपत्रात काम करणारे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कँपनारिओ यांनी २००७ मध्ये आंतरजालावर एक समूह सुरू केला. आपापल्या शहराची जागेवर केलेली रेखाटने तेथे प्रसिद्ध केली जात. त्यातून अर्बन स्केचर्स ही चळवळ उभी राहिली. २००९ मध्ये तिला ना-नफा संस्थेचे रूप मिळाले. २०१० मध्ये पोर्टलंड येथे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन झाले. २०१५ चे संमेलन सिंगापूर येथे भरले.

चळवळीच्या जाहीरनाम्यात आठ कलमे आहेत. प्रत्यक्ष पाहून स्थळावरच रेखाटन करणे, दिसलेल्या दृश्याशी प्रामाणिक राहणे, रेखाटनास काळाची व जागेची नोंद मानणे, कोणतेही माध्यम वापरण्याची मोकळीक असणे आणि एकमेकांना साहाय्य करीत एकत्र काम करणे ही त्यांतील प्रमुख होत. मुंबईतही या चळवळीची शाखा कार्यरत आहे. वास्तुविशारद, विद्यार्थी, नोकरदार व निवृत्त अशा विविध गटांतील लोक अशा उपक्रमांत सहभागी होतात. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण असणे आवश्यक मानले जात नाही.

उपक्रमाची पद्धत

सहसा सुटीच्या दिवशी सकाळी सर्वांना ओळखता येईल अशा खुणेच्या जागी मंडळी जमतात. जागेची थोडक्यात माहिती दिली जाते व परतण्याची वेळ ठरते. त्यानंतर प्रत्येक जण आपापली बैठक शोधतो. बैठक निवडताना सावली, पादचाऱ्यांची वाट आणि दृश्यातील डोळ्याच्या पातळीची रेषा या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. फूटपाथवर बसून काढलेली आणि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून काढलेली एकाच रस्त्याची चित्रे वेगळी दिसतात, ती या रेषेमुळे.

दोन-तीन तासांनी सारे पुन्हा एकत्र येतात. वह्या जमिनीवर किंवा कट्ट्यावर शेजारी शेजारी उघड्या मांडल्या जातात. एकच दृश्य दहा जणांनी दहा प्रकारे पाहिलेले येथे दिसते. नवशिक्यास सर्वांत अधिक शिक्षण मिळते ते याच टप्प्यावर. चित्रांना क्रमांक किंवा पारितोषिक देण्याची प्रथा नाही. चित्राच्या कोपऱ्यात ठिकाण, दिनांक व वेळ लिहिण्याची सवय मात्र लावली जाते.

साहित्य व ऋतुमान

बांधीव वही, पेन्सिल, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे पेन, जलरंगाची छोटी पेटी, दांड्यात पाणी भरता येणारा कुंचला आणि घडीचे स्टूल एवढे साहित्य पुरते. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या उत्पादनापासून सुरू केलेल्या कॅम्लिन या मराठी उद्योगाचे रंग महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहेत.

मुंबईची दमट हवा जलरंगास अडचणीची ठरते. पावसाळ्यात कागद लवकर वाळत नाही व रंगाचे थर एकमेकांत मिसळतात. अशा वेळी उड्डाणपुलाखालची जागा, स्थानकाचा पूल किंवा चाळीची गॅलरी यांचा आश्रय घ्यावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो.

हिंदमाता व गिरणगाव

हिंदमाता हा दादर पूर्व व परळ यांच्या दरम्यानचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील भाग होय. तेथील चित्रपटगृहावरून त्यास हे नाव पडले. साड्या व लग्नाच्या कापडाची बाजारपेठ म्हणून तो प्रसिद्ध आहे. सखल जागेमुळे पावसाळ्यात येथे पाणी साचते. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने दादर पश्चिमेतील प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत टाक्या बांधल्या आहेत.

रेखाटनकारास या भागात पायी फिरण्याच्या अंतरात अनेक प्रकारचे विषय मिळतात. उत्तरेस खोदादाद सर्कल, म्हणजे दादर टी. टी., आहे. टी. टी. ही अक्षरे ट्रामच्या शेवटच्या थांब्याची आठवण आहेत. शहरातील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी धावली. त्यापुढे १८९६ च्या प्लेगनंतर आखलेल्या वसाहतींपैकी पारशी कॉलनी व तिच्यातील पाच उद्याने आहेत. दक्षिणेस परळमध्ये के. ई. एम. रुग्णालय आणि जुन्या गव्हर्नर निवासात १८९९ पासून असलेली हाफकिन संस्था यांच्या दगडी वास्तू आहेत. त्याही पुढे लालबाग व चिंचपोकळीत गणपतीचे कारखाने आहेत. गणेशोत्सवापूर्वीच्या आठवड्यांत तेथील उंच मूर्ती, बांबूच्या पराती आणि रंगकाम करणारे कारागीर हा अभ्यासाचा उत्तम विषय ठरतो.

या परिसराचे जुने रूप गिरण्यांनी घडविले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर मनोरे व व्यापारी संकुले उभी राहिली. सुधीर पटवर्धन यांच्या 'लोअर परळ' या चित्रात हे स्थित्यंतर दिसते. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या आठवणी संकलित करून २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. शब्दांत झालेल्या या कामाला जागेवरची रेखाटने पूरक ठरू शकतात.

नोंद म्हणून मूल्य

हिंदमाताजवळील नायगाव येथे बी. डी. डी. चाळी आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ इमारती बांधल्या. येथील खोली १६० चौरस फुटांची होती. या चाळींच्या पुनर्विकासाचे काम सुरू असून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथे ५५६ कुटुंबांना नव्या घरांचे वाटप झाले. गिरगावातील खोताच्या वाडीतही लाकडी सज्जाची अनेक जुनी घरे नाहीशी झाली आहेत.

अशा वास्तूंचे नकाशे सरकारी दप्तरात असतात व छायाचित्रेही असतात. रेखाटनात मात्र पाहणाऱ्याने दोन तास तेथे बसून काय महत्त्वाचे मानले याची निवड उतरते. सामाईक नळावरची रांग, जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या, दारासमोरची तुळस आणि गॅलरीत वाळणारे कपडे नकाशात येत नाहीत. ठिकाण व दिनांक लिहिलेले असल्यास हौशी व्यक्तीचे कच्चे रेखाटनही पुढील अभ्यासकास उपयोगी पडू शकते. ही नोंद न केल्यास त्याचे मूल्य बरेच कमी होते.

मर्यादा व आक्षेप

रेखाटन हा निर्विवाद पुरावा नव्हे. काढणारा विजेच्या तारा, वाहने किंवा कचरा गाळू शकतो, प्रमाण बदलू शकतो. दृश्य सुंदर करण्याचा मोह नोंदीच्या प्रामाणिकपणास बाधक ठरतो.

दुसरा आक्षेप दृष्टिकोनाचा आहे. बाहेरून आलेल्या व्यक्तीस जुनी चाळ चित्रमय वाटते. तेथे राहणाऱ्यास तिची गळती, अपुरी जागा आणि सामाईक शौचालय सोसावे लागते. १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळणाऱ्या कुटुंबास चाळ पडण्याचे दुःख आणि नव्या घराचा आनंद दोन्ही असू शकतात. रेखाटनात केवळ पहिलीच बाजू आल्यास ते अपुरे ठरते. रहिवाशांशी बोलणे, त्यांना वही दाखविणे आणि त्यांच्या मुलांना सोबत बसवून घेणे हे त्यावरचे उपाय होत. चाळीतील मुलाने स्वतःच्या गॅलरीतून काढलेले चित्र पाहुण्याच्या चित्राहून वेगळे काही सांगते.

ओळखीच्या व्यक्तीचे चित्र काढताना संमती घेणे, वाट न अडविणे आणि रुग्णालयाबाहेर मुक्काम केलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना विषय न बनविणे ही पथ्ये योग्य मानली जातात.

कायदेशीर बाजू

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तुकृतीचे, तसेच सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे रेखाटन करणे किंवा ते प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. खाजगी आवारात प्रवेश करण्यासाठी मात्र मालकाची किंवा सोसायटीची परवानगी घ्यावी लागते. सुरक्षेच्या कारणाने निर्बंध असलेल्या जागी संबंधित अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असते.

हेही पाहा

सर जे. जे. कलामहाविद्यालय
महादेव विश्वनाथ धुरंधर
गिरणगाव
बी. डी. डी. चाळ
खोताची वाडी