लोणारचा गैरहजर साक्षीदार

लोणारच्या काठाशी उतरून ज्याने एकदा ते पाणी जिभेला लावले, त्याच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही : बुलढाण्याच्या काळ्या कातळात हा खारटपणा आला कोठून? येथे कधी समुद्र होता काय?

पुराणकारांनी आपल्यापुरते उत्तर दिले. विष्णूने लवणासुराला येथे मारले. दैत्यसूदनाचे देऊळ त्याची खूण. अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त या जागेची नोंद केली, ती काच व साबण यांस लागणाऱ्या क्षारांकरिता. १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी येथे येऊन गेला, आणि पुढे दीडशे वर्षे हे विवर ज्वालामुखीचे की आणखी कशाचे, हा वाद चालला.

समुद्राच्या खटल्यात मात्र एक साक्षीदार असा आहे, की त्याचा शब्द कोणीही मानावा. तो म्हणजे तारामासा, आणि त्याचा काटेरी भाऊबंद सागरी अर्चिन. या कुळाच्या सुमारे ७,००० जाती आज हयात आहेत; गोड्या पाण्यात त्यांतली एकही नाही. कारण देहरचनेतच आहे. ताऱ्याच्या पाठीवरील चाळणीवजा तबकडीचा संबंध आतल्या नळ्यांशी असतो. त्या नळ्या पाच दिशांना जातात, आणि त्यांतील पाण्याच्या दाबावर शेकडो इवल्या नळीपायांनी हा प्राणी चालतो. आतले पाणी व बाहेरचे पाणी यांचा खारेपणा जवळजवळ सारखाच. तो वेगळा राखणारे मूत्रपिंडासारखे इंद्रिय त्याला नाही. समुद्र सुटला की प्राण सुटले! चुन्याचा सांगाडा तेवढा दगडात उरतो.

धार जिल्ह्यात बाघ येथे असे सांगाडे सापडले. १८६५ साली मार्टिन डंकन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात, क्रेटेशस काळी समुद्र शिरला होता, याची ती साक्ष.

लोणारच्या कातळात हा साक्षीदार नाही. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नागपूरजवळ अशाच लाव्ह्याच्या थरांमध्ये हिस्लॉप यांना गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख मिळाले होते. विवर तर उल्केचे. १९७३ साली येथील आघाताने काचेसारख्या झालेल्या खनिजाने ते सिद्ध केले. २०११ च्या कालमापनाने त्याचे वय सुमारे ५,७०,००० वर्षे ठरले.

मग खारटपणा? झरे नि ओढे कातळातले क्षार आणतात. पाण्याला बाहेर वाट नाही. ऊन पाणी नेते, क्षार ठेवते. समुद्रात मुख्यत्वे मीठ, येथे त्याच्या जोडीला सोडा. डल्ला, खुप्पल, पापडी ही त्याची गावठी नावे. अशा पाण्यात तारामासा सोडला, तरी तो जगणार नाही.

जगतात ते क्षारप्रिय सूक्ष्मजीव. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, ते त्यांच्यामुळेच. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. पण त्यांचे जग ऊन-पावसाच्या नाजूक ताळेबंदावर उभे आहे. गोड्या पाण्याचा किंवा सांडपाण्याचा भार वाढू दिला, तर हा ताळेबंद मोडेल. समुद्र येथे आलाच नव्हता. तेव्हा या खाऱ्या पाण्याचे दुसरे माहेर नाही. ते राखायचे, तर येथेच राखले पाहिजे.