बाबासाहेब, जोतिबा आणि कॉमिकची चौकट

आजचा भाग कॉमिक्सवर आहे. सुपरहिरोंना आज सुट्टी. आज तीन पुस्तकं घेऊया. तिन्ही भारतात तयार झालेली, तिन्हींचे नायक आपल्या महाराष्ट्रातले, आणि तिन्हींतली चित्रं एकमेकांपासून इतकी वेगळी की एका फळीवर ठेवली तर ओळखीची वाटणार नाहीत. प्रश्न साधा आहे. गोष्ट तीच असेल तर चित्राच्या शैलीने काय फरक पडतो? उत्तर आधीच सांगून टाकतो: भरपूर.

सुरुवात घटनेपासून. साल 1901. सातारा जिल्ह्यात गोरेगावला वडील नोकरीला होते. त्यांना भेटायला लहानगा भीम घरातल्या मुलांसोबत रेल्वेने निघाला. मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कुणीच आलेलं नाही. पोरांचे कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलले. जात कळली आणि चेहरा बदलला. बैलगाडीवाले गाडी द्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालत येणार. डब्यात खायला होतं, प्यायला पाणी मात्र रात्रभर मिळालं नाही. हे सगळं बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आत्मकथनात स्वतः लिहून ठेवलंय.

आता सांगा, हे चित्रात कसं आणायचं? गाडी काढता येते, स्टेशन काढता येतं. तहान कशी काढणार? आणि माणसाच्या बोलण्यातलं विष?

पहिलं पुस्तक तुमच्या आई-बाबांनी बहुतेक पाहिलं असेल. अनंत पै यांनी 1967 मध्ये मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. 1979 मध्ये त्या मालिकेत बाबासाहेबांवरचा अंक आला आणि चित्रं होती दिलीप कदम यांची. ते साल लक्षात घ्या. आदल्याच वर्षी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले होते. अशा दिवसांत बाबासाहेबांचं चरित्र मुलांच्या कॉमिकमध्ये येणं ही काही छोटी गोष्ट नव्हती.

अमर चित्र कथेची शैली कुठून आली? तिचं एक मूळ सापडतं राजा रविवर्म्याकडे. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून छापून निघालेले देव-देवी घराघरांत भिंतीवर लागले. भरीव शरीरं, पडणारा उजेड, नाटकातल्यासारखी उभी राहायची पद्धत. लोकांना देव आणि राजे असेच दिसतात अशी सवय झाली. तीच नजर पुढे कॅलेंडरांत आली आणि तिथून कॉमिकमध्ये. पानावर सरळ चौकटी, वर पिवळ्या पट्टीत निवेदन, मधोमध नायक. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं, कुठे अडखळायचं नाही.

या शैलीचा फायदा मोठा आहे. आठ वर्षांचं पोर एसटीत बसल्या बसल्या अंक संपवतं. पण तिची एक सवयही आहे. शूर माणूस शूर दिसतो, दुष्ट माणूस दुष्ट दिसतो, आणि सगळी गोष्ट एका थोर पुरुषाभोवती फिरते. मसूरच्या गाडीवाल्यात गडबड अशी की तो दिसायला दुष्ट असेलच असं नाही. तो चारचौघांसारखा माणूस होता. जात तशीच चालते, साध्या चेहऱ्याने.

आता थेट 2011 मध्ये येऊ. दिल्लीच्या ‘नवयान’ प्रकाशनाने ‘भीमायन’ काढलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघं पती-पत्नी, मध्य प्रदेशातले परधान गोंड कलाकार.

परधान कोण, हे इथे समजून घ्यायला हवं. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. ‘बाना’ नावाचं तंतुवाद्य वाजवत ते गोंड यजमानांच्या दारी राजांच्या आणि देवाच्या कथा गायचे. विदर्भातही परधान समाज आहे. काळ बदलला तसे यजमान कमी झाले, गाणं मागे पडलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनसाठी चित्रकार जे. स्वामीनाथन आदिवासी कलाकार शोधत होते. त्यांच्या लोकांना पाटनगढ गावात जनगढसिंह श्याम हा तरुण भेटला. त्याने भिंतीवरची चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. त्याच्यामागून त्याच्या नात्यागोत्यातले कितीतरी जण चित्रकार झाले. थोडक्यात, जे गळ्यातून सांगायचे ते हातातून सांगू लागले.

तर या व्याम दांपत्याला जगभरातल्या चांगल्या ग्राफिक नॉव्हेल्स दाखवण्यात आल्या. त्यांनी पाहिल्या, आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट केली: आमच्या माणसांना आम्ही डब्यांत कोंबणार नाही, तिथे त्यांचा जीव गुदमरतो. आता बघा, ज्या माणसाला आयुष्यभर इथे बसू नको, इथे शिवू नको, इथलं पाणी पिऊ नको असं ऐकावं लागलं, त्याची गोष्ट चौकटीत बसवायची नाही, हे कलाकारांनी स्वतःहून ठरवलं.

मग पान कसं विभागायचं? त्यासाठी त्यांनी ‘डिगना’ वापरला. परधान गोंडांच्या घरात भिंतीवर आणि जमिनीवर काढतात ती नक्षी. ती पानावरून वळणं घेत जाते आणि प्रसंग वेगळे करते. भाग पडतात, पण कुणी कोंडलं जात नाही.

खरी गंमत संवादाच्या फुग्यांत आहे. प्रेमाने बोलणाऱ्याचा, सोसणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचा विखार बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातला विचार असेल तर फुग्यात एक डोळा. म्हणजे चेहरा क्रूर काढायची गरजच उरली नाही. माणूस साधाच आहे, पण तोंड उघडलं की डंख दिसतो. मघाशी विचारलं ना, बोलण्यातलं विष कसं काढणार? असं.

पाण्याचंही तसंच. 20 मार्च 1927, महाड, चवदार तळं. भाषणाचा प्रसंग आहे आणि लाउडस्पीकरमधून लोकांवर पाण्याचे थेंब बरसतायत. शब्द आणि पाणी एकच झालंय. फोटोसारख्या हुबेहूब शैलीत हे केलं असतं तर विचित्र वाटलं असतं. गोंड चित्रात रेल्वेसुद्धा सापासारखी वळते, त्यामुळे इथे ते सहज पटतं.

आणि हे पुस्तक भूतकाळात थांबत नाही. सुरुवातीला बसस्टॉपवर एक तरुण आरक्षणावर कुरकुर करतोय आणि एक बाई त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगायला लागते. बोलण्यात भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी येतं. 2006 मध्ये तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली होती. 1901 ते 2006, एकाच धाग्यात.

कबूल करूया, ‘भीमायन’ वाचायला वेळ लागतो. नजर कुठून कुठे न्यायची हे पहिल्या काही पानांत कळत नाही. ज्याला झटपट माहिती हवी त्याला अमर चित्र कथा जास्त उपयोगी पडेल. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

तिसरं पुस्तकही 2011 चं आणि नवयानचंच: ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. आधार जोतिबा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’चा. ती 1873 मध्ये आली, जोतिबा आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात, आणि अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केलेली. लेखिका पुन्हा श्रीविद्या नटराजन, चित्रकार अपराजिता निनान. इथे रंगच नाहीत. काळी शाई आणि पांढरा कागद, व्यंगचित्राच्या जवळ जाणारी रेघ. लेखिका आणि चित्रकार स्वतःही गोष्टीत पात्रं म्हणून येतात. हे जोतिबांना शोभतं, कारण ‘गुलामगिरी’चा सूरच खोचक आहे. अवतारांच्या कथांना जोतिबा उलटे प्रश्न विचारतात, टर उडवतात. रविवर्म्याच्या थाटात ते अवतार काढले असते तर टर उडालीच नसती, उलट हात जोडले गेले असते. शैली चुकली की अर्थ उलटा होतो, तो असा.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. दक्षिण कोरियातून आलेले वेबटून आपण अंगठ्याने खाली सरकवत वाचतो. बऱ्याच ॲपमध्ये तर एका वेळी एकच चौकट दिसते. सोयीचं आहे, थरारासाठी उत्तमही आहे. पण ‘भीमायन’चं पान तसं तुकडे करून दाखवता येत नाही. तुकडा कुठे पाडणार? म्हणजे स्क्रीनसुद्धा ठरवतेय की कुठली शैली टिकेल आणि कुठली मागे पडेल.

दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. पण ज्यांच्या पूर्वजांनी दारोदार कथा गायल्या, त्यांच्या हातून बाबासाहेबांची कथा नव्याने सांगितली गेली, हे मला त्या पुरस्काराहून मोठं वाटतं.

पुढच्या वेळी कॉमिक उघडलंत की मजकूर वाचण्याआधी एक मिनिट थांबा. चौकट कुठे आहे, कुठे नाही? फुग्याची शेपटी कशी आहे? नायक सोडून बाकीच्यांचे चेहरे कसे काढलेत? आणि हे कुणाच्या हाताने काढलंय? जे सापडेल ते आम्हाला लिहून कळवा. भेटूया पुढच्या भागात!